परसातल्या तळ्याचा गाळ कसा काढावा

विलेपार्ले पूर्वेला आमच्या जुन्या घराच्या परसात तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल असे सिमेंटचे तळे आहे. एका अंगाला देशी बदाम, दुसऱ्या अंगाला आंबा आणि दोन माड, अशा सावलीत ते वडिलांच्या वेळेपासून आहे. त्यात कुमुदिनी आहेत, गप्पी आणि गोल्डफिश आहेत, आणि पाऊस सुरू झाला की बेडूकही येतात. असे तळे सांभाळणाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढण्याचे काम चुकत नाही. हे काम केवळ अंगमेहनतीचे वाटते खरे, पण ते चुकीच्या पद्धतीने झाले तर एका रात्रीत सगळे मासे जाऊ शकतात, आणि तसे होताना मी स्वतः पाहिले आहे.

१२ वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पंप घेऊन येणाऱ्या एका कंत्राटदाराला हे काम दिले होते. त्याने सकाळच्या दोन तासांत सगळे पाणी उपसले, मासे दोन बादल्यांत भरून उन्हात ठेवले, तळ खराट्याने आणि साबणाच्या पावडरीने घासून पांढरा केला आणि संध्याकाळी नळाला पाणी आले तेव्हा त्याच पाण्याने तळे काठोकाठ भरून दिले. तळे इतके स्वच्छ आम्ही कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी उजाडताना बावीसपैकी एकोणीस गोल्डफिश पाण्यावर उलटे तरंगत होते. पुढे दोन महिने पाणी हिरवे गडद राहिले आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, कारण अळ्या खाणारे कोणी त्यात उरलेच नव्हते. तेव्हापासून माझे मत पक्के झाले की गाळ काढणे वेगळे आणि तळे धुणे वेगळे. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती याच मतावर उभी आहे: एका वेळी अर्धाच गाळ काढावा, जुने पाणी शक्य तितके जपावे आणि तळ ढवळू देऊ नये.

गाळ कसला आहे आणि किती आहे

तळाशी साचणाऱ्या गाळात साधारणपणे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे माती, वाळू आणि धूळ. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तळ्याचा काठ जमिनीच्या पातळीला असेल तर या चार महिन्यांत बागेतली माती सरळ तळ्यात वाहून येते. शेजारी इमारतीचे पुनर्विकासाचे काम चालू असेल तर सिमेंटची धूळ त्यात भर घालते. दुसरी गोष्ट म्हणजे कुजणारा भाग, म्हणजेच पडलेली पाने, माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि मेलेले शेवाळ. आपल्या तळ्यात यातले काय जास्त आहे हे कळण्यासाठी मूठभर गाळ काढून दोन बोटांत चोळून पाहावा. कचकच लागली तर माती-वाळू अधिक, आणि लोण्यासारखा घसरून बोटांवर पानांच्या शिरांची जाळी उरली तर पाने अधिक. आमच्याकडे दर वेळी बदामाच्या पानांच्या शिरा हातात येतात, त्यामुळे माती अडवण्यापेक्षा पाने अडवणे हे आमचे खरे काम आहे, हे मला त्या चिमूटभर गाळानेच शिकवले.

कुजणारा गाळ जाड झाला की त्याच्या वरच्या पातळ थरालाच प्राणवायू मिळतो. खालचा सगळा भाग प्राणवायूशिवाय कुजत राहतो. तो काळा पडतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू अडकून राहतात. काठी खुपसल्यावर बुडबुडे वर आले आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खाली असा थर आहे हे निश्चित समजावे. हा थर एकदम ढवळला गेला की विषारी वायू पाण्यात मिसळतो आणि गाळातले अर्धवट कुजलेले द्रव्य पाण्यातला प्राणवायू भराभर शोषून घेते. मासे मग पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागतात. मजुराने तळ्यात उतरून फावड्याने गाळ ओढणे म्हणूनच सर्वांत धोक्याचे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त रूढही तेच आहे.

गाळ मोजण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. सरळ बांबूच्या टोकाला बरणीचे रुंद प्लास्टिकचे झाकण खिळ्याने आडवे ठोकावे आणि बांबूवर दर पाच सेंटिमीटरला रंगाने रेघ ओढावी. झाकणाचे टोक हलकेच पाण्यात सोडले की ते गाळाच्या माथ्यावर टेकते. तिथे पाण्याची रेघ वाचून ठेवावी. मग बांबू उलटा करून बिनझाकणाचे टोक कठीण तळ लागेपर्यंत दाबावे आणि पाण्यातल्या त्या टोकापासून मोजून पुन्हा रेघ वाचावी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जागची गाळाची जाडी. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी, कारण पाणी येण्याच्या बाजूला आणि झाडाखालच्या बाजूला गाळ नेहमी जास्त असतो. मागच्या खेपेस आमची सरासरी १५ सेंटिमीटर आली. तीन मीटर गुणिले दोन मीटर गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे ०.९ घनमीटर, म्हणजेच ९०० लिटर गाळ झाला. ओला गाळ पाण्याहून जड असल्याने हे वजन एक टनाच्या आसपास जाते. घमेल्यात दहा लिटर धरले तर एकूण ९० घमेली, आणि अर्धा गाळ काढायचा तर ४५. एवढा हिशेब आधी झाला की किती माणसे लागतील, गाळ कुठे पसरायचा आणि एका दिवसात काम उरकेल का, हे सगळे प्रश्न आपोआप सुटतात.

सरासरी जाडी पाच सेंटिमीटरपर्यंत असेल तर काहीही करू नये. त्या थरात चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक कीटक) यांच्या अळ्या, गोगलगाई आणि माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव राहतात. पाणी निरोगी ठेवण्याचे बरेचसे काम तेच करतात. थर दहा सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा तळ्याच्या एकूण खोलीच्या पाचव्या हिश्श्यावर आला, की मात्र टाळाटाळ करू नये.

कोणत्या महिन्यात काढावा

महापालिकेची नालेसफाई पावसाआधी चालते, म्हणून घरच्या तळ्याची सफाईही मे महिन्यात करण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. नाल्यासाठी ते योग्य आहे, कारण तिथे पाणी वाहून जाण्यापुरता प्रश्न असतो. माशांच्या तळ्यासाठी मे हा सर्वांत वाईट महिना आहे. पाणी जितके कोमट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय त्या सुमारास धरणांतला साठा खाली गेलेला असतो आणि पाणीकपात लागू असली तर तळे पुन्हा भरायला पाणी मिळणे कठीण होते. जून-जुलै तर वर्ज्यच, कारण बेडकांची अंडी आणि पिल्ले तेव्हा तळ्यात असतात आणि काढलेला गाळ वाळवायला ऊनही नसते.

माझ्या मते मुंबईत या कामाला डिसेंबरचे पहिले तीन आठवडे उत्तम आहेत. पावसाने वाहून आणलेली माती तोवर तळाशी बसलेली असते, हवा थंड झालेली असते, तलाव भरलेले असतात आणि गाळ वाळवायला कोरडे ऊन मिळते. एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. पावसाळ्यानंतर काही महिने जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर असते. अशा वेळी तळे पूर्ण रिकामे केले तर खालून येणाऱ्या दाबाने सिमेंटच्या तळाला तडे जाऊ शकतात, आणि प्लास्टिकच्या शीटचे तळे असेल तर शीट फुग्यासारखी वर उचलली जाते. डिसेंबरात म्हणूनच अर्धवट काम करावे. गळती दुरुस्त करण्यासाठी तळे संपूर्ण रिकामे करणे भागच असेल तर ते एवढे एक काम उन्हाळ्यावर ठेवावे आणि मासे आधी दुसरीकडे नीट हलवावेत.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन पाण्यावर आले की कामाला लागावे आणि दुपारी दोनच्या आत थांबावे, म्हणजे रात्र होण्याआधी पाणी सावरायला काही तास मिळतात.

तयारी

लागणारे सामान साधे आहे. लांब दांड्याला घट्ट बांधलेली प्लास्टिकची रुंद सुपडी, बारीक जाळीची हातजाळी, दोन-तीन घमेली, तळाला भोके पाडलेली एक जुनी बादली, तागाच्या गोण्या, दोन ताडपत्र्या, दोनशे लिटरची निळी पिंपे, दीड इंची लवचीक पाइप आणि मत्स्यालयाचा हवेचा पंप. हवेचा पंप नसेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या मासेविक्रीच्या दुकानांत तो सहज मिळतो, आणि या कामात तो सर्वांत मोलाचा ठरतो. कुदळ आणि लोखंडी फावडे तळ्याच्या जवळ आणूच नये. शीट फाटते आणि सिमेंटच्या लेपाचे टवके उडतात.

गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय गाळाला हात लावू नये. मुंबईत उंदीर सगळीकडे आहेत आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पुरानंतर या आजाराने शहरात किती माणसे आजारी पडली हे पार्ल्यातल्या आमच्या पिढीला विसरता येणार नाही. पायाला किंवा हाताला जखम असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. काम केल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसली तर डॉक्टरांना गाळाच्या कामाबद्दल न विसरता सांगावे.

विजेच्या बाबतीत एकच नियम पाळावा: पाण्यात माणसाचा हात किंवा पाय असताना पाण्यातला पंप चालू नसावा. पंपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा अर्थ लीकेज ब्रेकर असलाच पाहिजे, आणि एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर न ठेवता स्टुलावर किंवा भिंतीला टांगलेला असावा. हवेचा पंपही पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, म्हणजे वीज गेली तर नळीतून पाणी उलटे पंपात येत नाही.

नवे पाणी हे तयारीतच धरावे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरिन असते. ते आपल्याला पिण्यासाठी सुरक्षित असले तरी माशांच्या कल्ल्यांना भाजून काढते आणि अमोनिया पचवणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही मारते. कामाच्या दोन दिवस आधीच पिंपे नळाच्या पाण्याने भरून उघडी ठेवावीत. २४ तासांत बहुतेक क्लोरिन उडून जाते आणि हवेच्या पंपाची नळी पिंपात सोडली तर ते आणखी लवकर जाते. घाई असेल तर क्लोरिन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे दुकानदार देतात. ते पुडीवरच्या प्रमाणातच वापरावेत.

प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये. सकाळी सर्वांत आधी पाण्याची पातळी २० सेंटिमीटर उतरवावी. आमच्या तळ्यात हे पाणी १२०० लिटर भरते, म्हणजे एकूण पाण्याच्या एक तृतीयांश. पाइपने पाणी काढताना तिचे तोंड पृष्ठभागाजवळ धरावे, म्हणजे गाळ हलत नाही. हे पाणी गटारात सोडू नये. त्यातले चारशे लिटर दोन पिंपांत जपून ठेवावे आणि उरलेले आंबा-नारळाच्या आळ्यांत सोडावे. माशांच्या पाण्यावर झाडे किती तरारतात ते पुढच्या पंधरवड्यात दिसते.

यानंतरची युक्ती मला आमच्याकडे बाग पाहायला येणाऱ्या माळीमामांनी शिकवली. तळ्याच्या मध्यावर आडवा बांबू टाकून त्यावरून ताडपत्री खाली सोडायची आणि तिच्या खालच्या कडेला विटा बांधायच्या, म्हणजे ती तळापर्यंत पडद्यासारखी उभी राहते. तळ्याचे असे दोन भाग होतात. ज्या अर्ध्या भागातला गाळ काढायचा तिथले मासे हातजाळीने हलके हाकत दुसऱ्या भागात न्यायचे आणि तिथे हवेचा पंप चालू करायचा. मामा म्हणाले होते, "दादा, माशांना घराबाहेर काढू नका, फक्त बाजूच्या खोलीत बसवा." बादल्या आणि टबांत मासे हलवण्याने त्यांना जो धक्का बसतो तो या पद्धतीने टळतो, आणि ढवळलेले पाणीही बव्हंशी एकाच बाजूला राहते. तळे फार लहान असेल आणि पडदा टाकणे शक्य नसेल, तर मात्र मासे पिंपात ठेवावे लागतात. अशा वेळी पिंप सावलीत असावे, पाणी तळ्याचेच असावे, पिंप दोन तृतीयांशापर्यंतच भरावे, हवेचा पंप सतत चालू असावा आणि वर जाळी बांधावी, कारण गोल्डफिश उडी मारतात.

कुमुदिनीची कुंड्यांतली रोपे आधी उचलून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावीत. नंतर वर तरंगणारी आणि गाळाच्या माथ्यावर पडलेली अख्खी पाने हातजाळीने काढावीत. घाई करू नये. अख्खे पान काढणे म्हणजे पुढच्या वर्षीचा गाळ आजच काढणे आहे.

आता सुपडी. काठावर बसून किंवा तळ्यावर आडव्या टाकलेल्या मजबूत फळीवर बसून सुपडी तळाशी टेकवावी, आपल्या दिशेने सावकाश ओढावी आणि तितक्याच सावकाश उचलावी. पाण्याच्या पृष्ठभागावर आली की चार-पाच सेकंद थांबवावी, म्हणजे वरचे पाणी निथळून जाते आणि दाट गाळ सुपडीतच राहतो. तो भोकाच्या बादलीत टाकावा, बादली काठावर निथळू द्यावी आणि मग घमेल्यात रिकामी करावी. सुपडी जोरात उचलली तर निम्मा गाळ पुन्हा पाण्यात विरघळतो आणि मेहनत वाया जाते. पहिली दोन-तीन घमेली भरली की हाताला अंदाज येतो. दोघांनी आळीपाळीने केले तर तीन-चार तासांत ४५ घमेली होतात. एकट्याने करायचे तर दोन रविवार धरावेत.

सुपडीने न येणारा, पाण्यासारखा पातळ गाळ पाइपने ओढता येतो, पण त्यासाठी पाइपचे दुसरे टोक तळ्यातल्या पाण्याच्या पातळीहून खाली असावे लागते. आमच्या तळ्याचा काठ जमिनीहून उंच आहे म्हणून हे जमते. सपाट जमिनीत बांधलेल्या तळ्याला गाळ ओढणारा मड पंपच लागतो, कारण साध्या पाण्याच्या पंपाची जाळी दोन मिनिटांत पानांच्या शिरांनी तुंबते. पाइप आधी पूर्ण पाण्याने भरून दोन्ही टोके अंगठ्याने बंद करावीत आणि मग एक टोक गाळात व दुसरे बाहेर सोडावे. तोंडाने ओढण्याची सवय सोडून द्यावी. बाहेरचे टोक तागाच्या गोणीत सोडून ती गोणी टबात ठेवली की गाळ गोणीत अडकतो आणि गाळलेले पाणी हाती लागते.

काढलेला गाळ लगेच दूर नेऊ नये. पहिले काही तास तो तळ्याच्या काठावर, तळ्याकडे उतरती ठेवलेल्या फळीवर पसरावा. थोड्या वेळाने त्यातून हालचाल दिसू लागते. मागच्या खेपेस काळ्या ढिगातून नखाएवढी, सहा पायांची, अंगभर चिखल माखलेली चतुराची अळी बाहेर आली, क्षणभर थांबली आणि फळीच्या कडेवरून पाण्याच्या दिशेने चालू लागली. अशा बारा-पंधरा अळ्या आणि पुष्कळ गोगलगाई आम्ही हाताने पाण्यात सोडल्या. या अळ्या डासांच्या अळ्या खातात. त्यांना गाळाबरोबर फेकून देणे म्हणजे घरचा पहारेकरी काढून टाकण्यासारखे आहे.

काम चालू असताना दर अर्ध्या तासाने माशांकडे पाहावे. ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागले तर त्याच क्षणी थांबावे, हवेचा पंप त्यांच्या बाजूला आणखी एक लावावा आणि जपून ठेवलेले जुने पाणी तांब्याने उंचावरून ओतावे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. त्या दिवसाचे काम तिथेच संपले असे समजावे.

पुन्हा भरताना आणि त्यानंतर

गाळ काढलेल्या भागातले पाणी गढूळच असणार. ते निवळायला दोन-तीन दिवस द्यावेत आणि त्यात तुरटी फिरवू नये. तुरटीने पाणी लवकर नितळ दिसते खरे, पण ती तरंगणारी माती गोळा करून पुन्हा तळाशीच बसवते आणि पाण्याची आम्लता वाढवते, जे माशांना सोसत नाही. ब्लीचिंग पावडरीचा तर विचारही करू नये.

जपलेले जुने पाणी आधी परत सोडावे, मग क्लोरिन उडालेले नवे पाणी. एका दिवसात एकूण पाण्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नवे पाणी घालू नये. कमी पडले तर तळे चार दिवस थोडे उणे राहिले तरी बिघडत नाही. पडदा दुसऱ्या दिवशी काढावा, एका बाजूने हळूहळू. पुढचे तीन दिवस हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा आणि माशांना नेहमीच्या निम्मेच खाद्य द्यावे. सात दिवसांत पाण्याला वास येत नसेल आणि मासे नेहमीसारखे खाली-वर फिरत असतील तर काम नीट झाले. दुसरा अर्धा भाग पुढच्या डिसेंबरात काढावा. माणसांना हे फार सावकाश वाटते याची मला कल्पना आहे, पण तळ्यातल्या सूक्ष्म जीवांना एका बाजूने दुसरीकडे पसरायला हा अवधी लागतो.

बाजारात गाळ खाणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या मिळतात. पानांचा आणि विष्ठेचा पातळ थर कमी करण्यात त्यांचा थोडा उपयोग होतो, मात्र माती आणि वाळू कोणताही जिवाणू खात नाही, आणि १५ सेंटिमीटर गाळावर पुडी टाकून स्वस्थ बसणे हा पैशाचा अपव्यय आहे.

कामासाठी बाहेर काढलेली पिंपे, टब, बादल्या रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. तळ्यात गप्पी मासे नसतील तर या निमित्ताने सोडावेत. महापालिकाही डासांच्या अळ्यांसाठी विहिरी आणि कारंज्यांत हेच मासे सोडते.

काढलेल्या गाळाचे काय करावे

गाळ गटारात किंवा नाल्यात टाकणे हा आपल्याच गल्लीवर अन्याय आहे, कारण तो पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबवतो. आणि तसा तो टाकाऊही नाही. राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली ती याच जाणिवेतून, की धरणातला गाळ शेताला मातीचे बळ देतो. आपले ४५ घमेली गाळ त्यापुढे काहीच नाही, पण परसातल्या माडांना तो पुरेसा आहे.

ओला गाळ झाडांच्या मुळाशी थेट घालू नये. त्यात प्राणवायू नसतो, तो वाळताना विटेसारखा घट्ट होतो आणि मुळे गुदमरतात. ताडपत्रीवर पाच ते सात सेंटिमीटरचा थर पसरावा आणि दर दोन दिवसांनी खराट्याने खाली-वर करावा. हवा लागली की गाळाचा काळा रंग उतरून तो करडा-तपकिरी होतो आणि कुजक्या अंड्याचा वास जाऊन ओल्या मातीचा वास येऊ लागतो. तो तयार झाल्याची हीच खूण. डिसेंबरच्या उन्हात याला दहा ते पंधरा दिवस लागतात. मग ढेकळे फोडून एक भाग गाळ, दोन भाग बागेतली माती आणि एक भाग शेणखत असे मिश्रण करावे आणि माड, केळी, कर्दळ यांना द्यावे. कुंड्यांत वापरायचे असेल तर थोडी वाळू किंवा कोकोपीट मिसळावे, नाहीतर पाणी निचरत नाही. गोराई, मनोरी, मढ या खाडीकाठच्या भागांत गाळ खारट असू शकतो, म्हणून तिथे सगळ्या झाडांना देण्याआधी एका कुंडीत मेथीचे दाणे पेरून पाहावे. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि जमीन खारी असेल तर ती तोंड वर काढत नाही किंवा लगेच करपते. सिमेंटची पांढरट भुकटी मिसळलेला गाळ मात्र झाडांना देऊ नये.

पुन्हा लवकर साचू नये म्हणून तीन-चार गोष्टी पुरतात. तळ्याचा काठ जमिनीहून किमान दहा सेंटिमीटर उंच असावा. छपराचे पाणी तळ्यात सोडले असेल तर पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर वळवावे, कारण सहा महिन्यांची धूळ त्यातच येते, आणि पुढचे पाणी विटांच्या लहान खड्ड्यातून सोडावे. माती खड्ड्यात बसते आणि तिथून ती खुरप्याने सहज काढता येते. त्या खड्ड्याच्या कडेला कर्दळ आणि वाळा लावला तर मुळांतही बरीच माती अडते. देशी बदाम आणि पिंपळ यांची पानगळ हिवाळ्याच्या अखेरीस जोर धरते, म्हणून जानेवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत तळ्यावर बारीक जाळी ताणून बांधावी आणि दर रविवारी तिच्यावरची पाने झटकावीत. माशांना पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

ज्या पाच ठिकाणी बांबू टेकवून गाळ मोजला ती ठिकाणे काठावर ऑइल पेंटने खुणावून ठेवावीत आणि आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत. पुढच्या वर्षी बांबू त्याच पाच जागी टेकवला की कोणत्या कोपऱ्यात किती गाळ वाढला ते कळते, आणि सुपडी आधी कुठे टेकवायची हे त्यावरून ठरवता येते.